घरांतील विजेच्या कामास कोणता दाखला घ्यावा?

शेतकऱ्याच्या घरीं कागदांस तोटा नसतो. सातबाराचा उतारा, आठ-अ, फेरफाराच्या नकला, घरपट्टीच्या पावत्या, सोसायटीचा बेबाकी दाखला आणि अलीकडे वीज बिलांची चवड, हें सर्व फडताळांत किंवा ट्रंकेंत जपून ठेवलेलें असतें. परंतु ज्या तारांवर सबंध घर रात्रंदिवस विसंबून असतें, त्या तारा कोणीं ओढल्या, केव्हां ओढल्या आणि ओढल्यावर तपासल्या कीं नाहीं, हें सांगणारा कागद मागितला तर बहुतेक घरीं तो निघत नाहीं. निघालाच तर तो भलत्याच कामाचा असतो. वीस वर्षांपूर्वीं दोन खोल्यांकरितां घेतलेला टेस्ट रिपोर्ट दाखवून सहा खोल्यांच्या घराची हमी दिली जाते, किंवा वायरमनाच्या मुलाचें आय. टी. आय.चें प्रमाणपत्र पुढें केलें जातें. सबब विजेच्या कोणत्या कामास कोणता दाखला योग्य, तो कोणीं द्यावयाचा आणि मालकानें त्यांत काय पाहावयाचें, याचा विचार येथें योजिला आहे.

प्रथम कायद्याची बाजू. आपल्या देशांत विजेसंबंधीं कायदे १९०३ व १९१० सालीं झाले, त्यांखालीं १९५६ चे भारतीय वीज नियम आले, आणि हल्लीं २००३ चा वीज कायदा अमलांत आहे. त्या कायद्याखालीं केंद्रीय वीज प्राधिकरणानें सुरक्षिततेचे नियम २०१० सालीं आणि फिरून २०२३ सालीं प्रसिद्ध केले. इतक्या उलथापालथींत एक गोष्ट मात्र जवळजवळ जशीच्या तशी चालत आली आहे. १९५६ च्या नियमांत ती ४५ व्या नियमांत होती. तिचा मतलब असा कीं, ग्राहकाच्या जागेंतील विजेचें कोणतेंहि काम, मग तें नवें असो, वाढीव असो, फेरबदलाचें असो वा दुरुस्तीचें असो, तें राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानेंच करावें. त्यावर कुशलतेचें प्रमाणपत्र असलेल्या माणसाची प्रत्यक्ष देखरेख असावी. आणि हात लावणारा माणूसहि परवानाधारक असावा. यास सूट आहे ती इतकीच: दिवा, पंखा, फ्यूज, खटका, २५० व्होल्टपर्यंतचें घरगुती उपकरण किंवा तत्सम वस्तु बदलणें, आणि तेंहि त्या बदलानें मूळ जोडणीची शक्ति किंवा स्वरूप बदलत नसेल तरच.

या शेवटच्या चार शब्दांत सर्व मर्म आहे. जळालेला खटका काढून त्याच जातीचा दुसरा बसविणें ही बदली झाली. परंतु पांच अँपिअरचा खटका व सॉकेट काढून तेथें सोळा अँपिअरचें बसविणें, व त्यावर पाणी तापविण्याचें यंत्र लावणें, ही बदली नव्हे. तें स्वरूप बदलणें झालें. मागची तार तीच बारीक राहिली, आणि ओझें मात्र कितीतरी वाढलें. बैलगाडीचीं चाकें तशींच ठेवून वर ट्रॉलीचा सांठा चढविल्यासारखाच हा प्रकार आहे.

आतां माणसांचे दाखले. ‘परवाना’ या एकाच शब्दाखालीं तीन निरनिराळे कागद दडलेले असतात, आणि त्यांची गल्लत केल्यामुळें पुष्कळ घोटाळे होतात. पहिला तारतंत्र्याचा, म्हणजे ज्यास आपण वायरमन म्हणतों त्याचा परवाना. तो हातानें काम करण्याचा. दुसरें पर्यवेक्षकाचें कुशलतेचें प्रमाणपत्र. तें काम करवून घेण्याचें व तपासण्याचें. तिसरा ठेकेदाराचा परवाना. तो काम अंगावर घेण्याचा व त्याबद्दल जबाबदार राहण्याचा. हे तिन्ही कागद राज्य सरकारच्या परवाना मंडळाकडून मिळतात, प्रत्येकावर क्रमांक असतो आणि ठेकेदाराच्या परवान्यास मुदतहि असते. आय. टी. आय.चें प्रमाणपत्र हें यांपैकीं कोणतेंच नव्हे. तो शिकल्याचा दाखला. तो असल्यास पुढील परवाना मिळणें सोपें जातें, परंतु तो म्हणजे परवाना नव्हे. गांवचा वायरमन हुशार असेल, त्याचा हात चांगला असेल, आणि त्याच्याजवळ स्वतःचा परवानाहि असेल. तरी घराच्या कामाचा टेस्ट रिपोर्ट त्याच्या एकट्याच्या सहीनें पुरा होत नाहीं. त्यावर ठेकेदाराची सही व परवाना क्रमांक लागतो. काम सुरू करण्यापूर्वींच ‘रिपोर्टावर सही कोणाची येणार?’ हा प्रश्न विचारावा, आणि ज्याचें नांव सांगितलें जाईल तो निदान एक वेळ तरी घर पाहून गेला पाहिजे असें ठरवून घ्यावें. परवान्याविषयीं शंका वाटल्यास जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाच्या कचेरींत चौकशी करतां येते; हा अधिकारी सरकारचा असतो, वीज कंपनीचा नव्हे, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मी महसूल खात्यांत कारकुनी केली. त्या खात्याची एक शिस्त येथें उपयोगी पडते. हक्काची मूळ नोंद निराळी, फेरफार निराळा आणि पीकपाहणी निराळी. फेरफारावरून यंदा शेतांत काय उभें आहे तें कळत नाहीं, आणि पीकपाहणीच्या रकान्यावरून मालकी सिद्ध होत नाहीं. विजेच्या कामांतहि असेच तीन प्रकार पडतात: नवें काम, जुन्या कामांतील लहान फेरबदल, आणि जुन्या कामाची प्रकृति पाहणें. ज्या प्रकारचें काम त्याच प्रकारचा दाखला असावा.

ही विभागणी ज्या देशांत फार काटेकोरपणें पाळली जाते तो देश इंग्लंड. तेथील इंजिनियर लोकांच्या संस्थेनें घरांतील विजेच्या दिव्यांपासून आग लागूं नये म्हणून १८८२ सालींच नियम छापून काढिले. तेच वाढत वाढत आज बी. एस. ७६७१ या नांवानें ओळखले जातात. घराचें नवें काम झालें, नवी स्वतंत्र लाइन ओढली किंवा फ्यूजांची सबंध पेटी बदलली, तर तेथें पूर्ण स्थापनेचा दाखला द्यावा लागतो. त्यावर योजना कोणीं केली, काम कोणीं केलें आणि तपासणी कोणीं केली अशा तिहेरी जबाबदारीच्या सह्या असतात. चालू लाइनीवर एखादें सॉकेट किंवा दिवा वाढविला तर एका लहान कामाचा आटोपशीर दाखला पुरतो. आणि जुन्या घराची तपासणी करून दिला जातो तो स्थितीचा अहवाल. त्यांत दोषांस इयत्ता लावितात: तात्काळ धोका, संभवनीय धोका, सुधारणा इष्ट, आणि अधिक शोध आवश्यक. २००५ सालापासून इंग्लंड व वेल्स येथें घरगुती विजेचें काम बांधकामाच्या नियमांखालीं आणलें गेलें, आणि इंग्लंडांत भाड्यानें दिलेल्या खासगी घरांची अशी तपासणी निदान पांच वर्षांतून एकदां करून घेण्याची सक्ति २०२० च्या नियमांनीं मालकांवर केली. मालक स्वतः राहात असेल तर दहा वर्षांनीं पाहणी करावी, अशी तेथें सर्वसाधारण शिफारस आहे. तेथील प्रत्येक गोष्ट येथें उचलून आणावी असें माझें म्हणणें नाहीं. तेथील घराच्या भिंती आणि आमच्या पडवीचे वासे यांत अंतर आहे. परंतु तीन कामांस तीन कागद, ही पद्धत आपण घरच्या घरीं चालविण्यास कोणाची आडकाठी नाहीं.

आपल्याकडे नव्या जोडणीचा प्रकार स्पष्ट आहे. घर बांधून झालें, फिटिंग पुरें झालें, म्हणजे महावितरणच्या कचेरींत अर्ज देतांना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. (महावितरण ही कंपनी २००५ सालीं जुन्या वीज मंडळाचे भाग पाडले तेव्हांची, वडील मंडळी अजून तिला बोर्ड म्हणतात, त्यानें बिघडत नाहीं.) हा रिपोर्ट म्हणजेच नव्या कामाचा दाखला. दुर्दैवानें पुष्कळांच्या मनांत तो अर्जाचें एक शेंपूट, म्हणजे कंपनीस हवा म्हणून द्यावयाचा कागद, असा बसलेला आहे. वास्तविक तो मालकाचा कागद आहे. कंपनीची जबाबदारी बहुतांशीं मीटरपर्यंत; मीटरच्या पुढें भिंतींत जें कांहीं आहे तें मालकाचें. म्हणून त्याची एक प्रत सही-शिक्क्यासह स्वतःजवळ ठेवल्याशिवाय ठेकेदाराचा हिशेब चुकता करूं नये.

वाढीव कामाच्या बाबतींत मात्र लोक फार फसतात. एक उदाहरण मांडून दाखवितों. पंधरा वर्षांपूर्वीं घरास एक किलोवॅट भार मंजूर झाला. त्या वेळीं चार दिवे, दोन पंखे व एक दूरदर्शन संच होता. आज त्याच घरांत नऊ वॅटचे आठ दिवे, म्हणजे ७२ वॅट, पंचाहत्तर वॅटचे चार पंखे, ३०० वॅट, दूरदर्शन १००, फ्रीज २००, मिक्सर ५००, इस्त्री १,०००, पाण्याचा गिझर २,०००, आणि टाकींत पाणी चढविण्याचा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप, सुमारें ३७३ वॅट. बेरीज ४,५४५ वॅट झाली. हीं सर्व एकदम चालत नाहींत हें खरें. परंतु सकाळच्या प्रहरीं गिझर, इस्त्री आणि पंप हीं तिन्हीं एकाच वेळीं चालणें कांहीं नवल नव्हे, आणि तेवढ्यांचीच बेरीज ३,३७३ वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ १५ अँपिअर होते. दिव्यांकरितां ओढलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या, पंधरा वर्षें छपराखालीं तापलेल्या व मध्यें तीन ठिकाणीं पिळून जोडलेल्या तारेवर हें ओझें घालणें म्हणजे भिंतींत चूल पेटविणें होय. अशा वेळीं भारवाढीचा अर्ज करावा, गिझर व पंप यांकरितां जाड तारेच्या स्वतंत्र लाइनी ओढवून घ्याव्या आणि वाढलेल्या सर्व कामाचा नवा टेस्ट रिपोर्ट घ्यावा. जुना रिपोर्ट या कामास लागू नाहीं. तो खोटा नसतो. तो दुसऱ्या घराचा असतो, जें घर आतां राहिलें नाहीं.

याहून लहान काम म्हणजे मंजूर भाराच्या आंतच एखाद्या खोलींत दोन दिवे व एक सॉकेट वाढविणें. येथें कंपनी बहुधा कोणताच कागद मागत नाहीं, म्हणून कोणी देतहि नाहीं. तो आपण मागून घ्यावा. ठेकेदाराच्या नांवाच्या कागदावर पांच-सहा ओळी पुरतात: तारीख, कोणत्या लाइनीवर काय वाढविलें, तार किती चौरस मिलिमीटरची व कोणत्या छापाची, त्या लाइनीच्या सुरुवातीस खटका किती अँपिअरचा, मेगरचा आंकडा काय आला, आणि सॉकेटच्या मोठ्या भोंकापर्यंत अर्थची तार पोहोंचली आहे कीं नाहीं. खालीं सही व परवाना क्रमांक. या कागदास सरकारी नमुना नसला तरी तो आपला फेरफार समजावा.

आतां टेस्ट रिपोर्ट हातीं आल्यावर तो वाचावा कसा? त्यांत दोन आंकडे मुख्य आहेत.

पहिला आंकडा तारेवरील आवरणाच्या रोधाचा. मेगर नांवाच्या यंत्रानें ५०० व्होल्टचा दाब एक मिनिटभर जिवंत तार व जमीन यांच्यामध्यें देऊन तो मोजतात, आणि नियमाप्रमाणें तो निदान एक मेगओहम भरला पाहिजे. नव्या कामांत तो पुष्कळच अधिक येतो. जुन्या संहितेंत असाहि एक हिशेब होता कीं, पन्नासास घरांतील पॉइंटांच्या संख्येनें भागावें आणि येईल तेवढे मेगओहम किमान असावे. म्हणजे वीस पॉइंटांच्या घरास अडीच. ओल्या भिंतींत नळी घातली असेल, किंवा सांधा उघडा राहिला असेल, तर हा आंकडा लागलीच घसरतो. म्हणून नव्या घराची तपासणी गिलावा चांगला वाळल्यानंतर एकदां, आणि शक्य असल्यास पहिला पावसाळा लागल्यावर फिरून एकदां करावी, असें माझें मत आहे. रिपोर्टांत आंकड्याच्या जागीं नुसतें ‘ठीक’ लिहिलें असेल तर तो रिपोर्ट परत करावा. आणेवारीच्या तक्त्यांत ‘पीक बरें’ असें लिहून चालत नाहीं, तसेंच हें.

दुसरा आंकडा अर्थिंगचा. याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे, कारण आमच्या खेड्यांतील बहुतेक अपघातांचें मूळ येथें असतें. यंत्राच्या लोखंडी अंगास जिवंत तारेचा स्पर्श झाला तर त्या विजेस माणसाच्या देहापेक्षां सोपी वाट जमिनींत मिळावी, आणि त्या वाटेनें इतका प्रवाह जावा कीं खटका आपोआप पडावा, हा अर्थिंगचा हेतु. आतां हिशेब करून पाहा. वाटेंतील एकंदर रोध दोन ओहम असेल, तर २३० भागिले २ म्हणजे ११५ अँपिअर प्रवाह जाईल व सोळा अँपिअरचा एम. सी. बी. लवकरच पडेल. पण तोच रोध दहा ओहम असेल, तर प्रवाह अवघा २३ अँपिअर. सोळाच्या खटक्यास तेवढ्यानें पडावयास तासभर लागला तरी नवल नाहीं, आणि तितका वेळ पंपाचें अंग, पत्र्याची भिंत, नळाची तोटी हीं सर्व जिवंत राहतात. मुरमाड व खडकाळ रानांत उन्हाळ्याच्या अखेरीस जमीन सुकली म्हणजे हा रोध कसा चढतो, हें ज्यांनीं अर्थटेस्टरनें मोजून पाहिलें आहे त्यांस सांगावयास नको.

अर्थिंगचा खड्डाहि नीट झाला पाहिजे. भारतीय मानकाप्रमाणें जस्ती नळीचा अर्थ असेल तर नळी निदान अडीच मीटर लांबीची हवी. पत्रा पुरावयाचा असेल तर तो साठ सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद, आणि त्याची वरची कड जमिनीपासून दीड मीटर खोल. आमच्याकडे हातभर सळई अंगणांत ठोकून, तिला एक तार गुंडाळून ‘अर्थ दिला’ म्हणण्याचा परिपाठ पडला आहे. त्यावर टेस्ट लँप लावून दिवा पेटवूनहि दाखवितात. दिव्यास थोडा प्रवाह पुरतो. त्यानें खटका पडेल असें सिद्ध होत नाहीं. रिपोर्टांत अर्थिंगचा आंकडा ओहममध्यें लिहिलेला असावा, आणि तो मोजतांना मालकानें जवळ उभें राहावें.

याच कारणास्तव गळती ओळखून पडणारा खटका, ज्यास लोक ई. एल. सी. बी. किंवा आर. सी. सी. बी. म्हणतात, तो घरांत असावा. घरगुती जोडणीकरितां तो ३० मिलिअँपिअरहून अधिक गळती सहन करणारा नसावा, असा नियम आहे. तीस मिलिअँपिअर म्हणजे किती? नऊ वॅटचा एक लहान दिवा चालण्यास सुमारें चाळीस लागतात. एवढासा प्रवाह छातीवाटें गेला तर माणूस दगावूं शकतो. साधा एम. सी. बी. तारेस वाचवितो, माणसास वाचविणारा खटका हा दुसरा. दोन्ही सारखेच दिसत असल्यामुळें पेटींत पांच-सहा एम. सी. बी. पाहून पुष्कळांचें समाधान होतें. ज्यावर ‘टी’ अक्षराचें लहान बटन असतें तो गळतीचा खटका. तें बटन महिन्यातून एकदां दाबून खटका पडतो कीं नाहीं हें घरांतील कोणीहि पाहूं शकतो.

खोट्या दाखल्यांविषयीं लिहिणें अप्रिय आहे, पण त्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. घर न पाहतां, सही केलेले कोरे रिपोर्ट कांहीं ठिकाणीं विकत मिळतात, हें उघड गुपित आहे. मालकासहि तें सोयीचें वाटतें, कारण जोडणी लवकर मिळते. मी नोकरींत असतां एका गांवीं पंचनाम्यास गेलों होतों. पावसाळ्याचे दिवस, गोठ्याच्या पत्र्यास दिव्याची तार घांसून आवरण गेलें होतें. पहांटे धार काढावयास गेलेल्या बाईस दावणीजवळ झटका बसून ती बाजूस फेंकली गेली, म्हणून वांचली. दोन दुभत्या गाई मात्र जागींच मेल्या. जनावराचे चारही पाय उघडे व ओल्या जमिनीवर असतात, त्यामुळें माणसास जेथें झटका बसून निभावतें तेथें जनावर मरतें. घराचा टेस्ट रिपोर्ट निघाला. त्यांत अर्थिंगचा खड्डा एक, रोध अमुक ओहम, असें स्वच्छ अक्षरांत लिहिलें होतें. खड्डा कोठें म्हणून विचारतां मालक आमच्या तोंडाकडे पाहूं लागले. खड्डा अंगणांत नव्हता, परसांत नव्हता, कोठेंच नव्हता. ज्यानें सही केली त्यानें तें घर कधीं पाहिलें नव्हतें, आणि मालकांनीं तो कागद कधीं वाचला नव्हता. न पाहतां केलेला पंचनामा जसा, तसा तो दाखला.

विजेनें मनुष्य किंवा जनावर दगावलें तर २००३ च्या कायद्याच्या १६१ व्या कलमाखालीं विद्युत निरीक्षकाकडून चौकशी होऊं शकते. दोष कंपनीच्या तारांत होता कीं मालकाच्या फिटिंगांत, हा त्या चौकशींतला पहिला मुद्दा. नुकसानभरपाईचा पुढील सर्व प्रवास या उत्तरावर अवलंबून असतो. अशा वेळीं खरा, तारखेचा, आंकड्यांचा दाखला मालकाच्या हातीं असणें आणि नसणें यांत किती अंतर पडतें, हें सांगणें नको. खोटा दाखला मात्र नसल्याहून वाईट. त्यावर मालकाची माहितीहि लिहिलेली असते.

शेतावरील जोडणी व घरची जोडणी यांची सरमिसळ हाहि असाच एक विषय आहे. विहिरीवरील पंपाकरितां दिलेल्या जोडणीवरून वस्तीच्या घरास तार ओढणें पुष्कळ ठिकाणीं चालतें. मंजूर केलेल्या कामाखेरीज दुसऱ्या कामास किंवा दुसऱ्या जागेस वीज वापरणें हा त्याच कायद्याच्या १२६ व्या कलमाप्रमाणें अनधिकृत वापर ठरतो, आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीनें होते. पण पैशापेक्षां मोठी गोष्ट ही कीं, अशा ओढलेल्या तारेचा खरा दाखला कोणी शहाणा ठेकेदार देणार नाहीं, कारण ती जोडणीच कागदावर नसते. बांधावरून, बाभळीच्या फांद्यांतून नेलेली ती तार सुटली म्हणजे कोणाच्याच जमाखर्चांत नसते. वस्तीवर राहावयाचें असेल तर घराची स्वतंत्र जोडणी मागावी. कडबाकुट्टीचें यंत्र घरच्या जोडणीवर चालवावयाचें असल्यास त्याची अश्वशक्ति अर्जांत व रिपोर्टांत दोन्ही ठिकाणीं दाखवावी.

जुन्या घराचें काय? वाड्यांतून आजहि लांकडी पट्टीवर ठोकलेल्या तारा, कापडी आवरणाच्या दोऱ्या व चिनीमातीचे फ्यूज दिसतात. १९५६ च्या नियमांत ग्राहकाकडील जोडणीची पाहणी पांच वर्षांहून अधिक अंतर न पडूं देतां व्हावी, असें होतें; परंतु खेड्यांतील किती घरीं त्याप्रमाणें कोणी आलें असेल हें वाचकांनींच आठवून पाहावें. हल्लीं लहान घरगुती जोडण्यांची काळजी मुख्यतः मालकाच्याच शिरावर आहे. तरी पांच वर्षांतून एकदां, आणि वांटणी झाली, घर विकत घेतलें, पूर आला किंवा छप्पर बदललें तर त्या त्या वेळीं लागलीच, परवानाधारक ठेकेदाराकडून लेखी स्थितिअहवाल करून घ्यावा. इंग्लंडांतल्याप्रमाणें त्यास दोषांची इयत्ता लावण्यास सांगावें. म्हणजे हातीं पैसा थोडा असेल तर कोणतें काम आज आणि कोणतें सुगीनंतर, हें ठरवितां येतें. अर्थिंग नसणें, न्हाणीघरांत उघडा खटका असणें, न्यूट्रल तारेवर फ्यूज असणें, हीं आजचीं कामें. बोर्डाचें लांकूड जुनें होणें हें सुगीनंतरचें.

घर विकत घेतांना एक खबरदारी. वीज बिल आपल्या नांवावर झालें म्हणजे फिटिंग तपासलें गेलें असा अर्थ होत नाहीं. तो केवळ नांवाचा बदल. ग्रामपंचायतीचा घराचा दाखला, बांधकाम पुरें झाल्याचा दाखला, बिलाची बाकी नसल्याचें पत्र, यांपैकीं एकहि कागद भिंतींतल्या तारेविषयीं अक्षर बोलत नाहीं. तारांवर व खटक्यांवर असलेला आय. एस. आय. छाप हाहि मालाचा दाखला आहे, कामाचा नव्हे. उत्तम बियाणें वाईट पेरणीनें फुकट जातें, हें शेतकऱ्यास निराळें सांगावें लागत नाहीं.

छपरावर सौर पट्ट्या बसविणारांनीं अथवा बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर घेणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, आतां घरांत वीज दोन वाटांनीं येते. मीटरचा मुख्य खटका पाडला म्हणजे सर्व तारा मेल्या, हा जुना भरंवसा राहिला नाहीं. हें काम बदलीच्या सवलतींत बसत नाहीं; त्याचा स्वतंत्र दाखला घ्यावा, आणि कोणता भाग कोणत्या वाटेवर आहे याचा साधा नकाशा त्यास जोडून घ्यावा.

हे सर्व कागद वर्षवारीनें लावून एका रुमालांत बांधावे: तळाशीं मूळ टेस्ट रिपोर्ट, त्यावर वाढीव कामांचे, त्यावर स्थितिअहवाल. ठेकेदारानें दिलेली भाराची यादी व लाइनींचा तक्ता यांची एक नक्कल काढून ती मीटरजवळच्या पेटीच्या झांकणास आंतून चिकटवावी, म्हणजे अपरात्रीं दुरुस्तीस आलेल्या माणसास कोणता खटका कोणत्या खोलीचा हें विचारीत बसावें लागत नाहीं.